स्वच्छ पाणी की नांदते पाणी?

समजा, तुमच्यापुढे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दोन टाक्या आहेत. पहिल्या टाकीतील पाणी ब्लीचिंग पावडर टाकून निर्जंतुक केलेले आहे. ते इतके नितळ आहे की, तळाशी टाकलेले नाणेही स्पष्ट दिसते. दुसऱ्या टाकीतील पाणी चहासारखे तपकिरी आहे. त्यात बारीक बारीक पुंजके तरंगत आहेत. हात बुडवला तर बोटेही दिसत नाहीत. तुम्हाला यांपैकी एका टाकीत कोळंबीचे बीज सोडून ते वाढवावयाचे आहे. तुम्ही कोणती टाकी निवडाल?

बहुतेक जण पहिली टाकी निवडतील. 'रोग जंतूंमुळे होतात, म्हणून जंतू नसलेले पाणी सर्वांत सुरक्षित' असा सरळ हिशेब आपण करतो. जगभरच्या कोळंबी शेतकऱ्यांनीही वर्षानुवर्षे हाच हिशेब केला. पण जीवाणूंच्या जगात हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही. नीट तयार केलेले गढूळ पाणी पुष्कळदा नितळ पाण्यापेक्षा कोळंबीला अधिक सुरक्षित ठरते. असे का होते, ते या लेखात पाहू.

महिन्याभरात रिकामी होणारी तळी

कोळंबी शेतीचा क्रम सोपा आहे. किनाऱ्यालगत तळी खणतात, त्यांत खारे किंवा निमखारे पाणी घेतात, बीजोत्पादन केंद्रातून आणलेले पोस्ट-लार्व्हा, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची पिले, त्यांत सोडतात आणि खाद्य घालून साधारण तीन ते चार महिन्यांत विक्रीयोग्य कोळंबी काढतात. बीज, खाद्य, वीज, मजुरी हा सारा खर्च आधी करावा लागतो. उत्पन्न मात्र शेवटी एकदमच हाती येते.

२००९ साली दक्षिण चीनमधील तळ्यांत एक विचित्र रोग दिसू लागला. बीज सोडल्यापासून पहिल्या महिन्याभरातच कोळंबी पटापट मरून तळाशी बसू लागली. रोग पुढे व्हिएतनाम, मलेशिया आणि थायलंडमध्ये पसरला व २०१३ मध्ये मेक्सिकोतही आढळला. त्याला 'अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम' म्हणजे 'लवकर मृत्यूचा रोग' असे नाव पडले. थायलंड हा कोळंबी निर्यात करणारा जगातील एक आघाडीचा देश; पण २०१२ च्या तुलनेत २०१३ मध्ये तेथील उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. यावरून या रोगाच्या तडाख्याची कल्पना येईल. ज्या कुटुंबाने कर्ज काढून तळ्यात बीज सोडले, त्याचे तळे महिन्याभरात रिकामे होत होते आणि कर्ज तसेच राहत होते.

मेलेली कोळंबी उघडून पाहिली, तर तिचे पोट रिकामे असे आणि यकृत-स्वादुपिंड हा अवयव फिकट पडून आक्रसलेला असे. आपल्या शरीरात यकृत आणि स्वादुपिंड हे दोन वेगळे अवयव असतात. कोळंबीत पाचकरस तयार करणे, अन्न शोषून घेणे आणि ते साठवणे ही सारी कामे हा एकच अवयव करतो. तो निकामी झाला की, समोर अन्न असूनही कोळंबी जगू शकत नाही.

गुन्हेगाराचा शोध

हा रोग कशामुळे होतो, हे सुरुवातीला कोणालाच कळेना. कोणी विषाणूवर संशय घेतला, कोणी कीटकनाशकांवर, कोणी खाद्यावर. अखेर २०१३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुन्हेगार शोधून काढला. त्यांनी वापरलेली पद्धत तुम्हाला परिचित असेल. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेलीच ती रीत आहे. रोगी प्राण्यातून जीवाणू वेगळा करावयाचा, तो शुद्ध स्वरूपात वाढवावयाचा, निरोगी प्राण्याला त्याचा संसर्ग घडवून तोच रोग होतो का ते पाहावयाचे आणि त्या प्राण्यातून तोच जीवाणू पुन्हा मिळवावयाचा. या कसोटीला उतरलेला जीवाणू होता 'व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस'.

हे नाव नवे नव्हते. पटकीचा जीवाणू 'व्हिब्रिओ कॉलरी' याचा हा भाऊबंद. १९५० साली जपानमधील ओसाका येथे 'शिरासू' नावाची बारीक मासळी खाऊन अनेकांना विषबाधा झाली, तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तो प्रथम शोधला. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ सर्वत्र असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मग हा वंश एवढा घातक कसा झाला?

संशोधकांनी या जीवाणूचे नुसते द्रावण घेतले, म्हणजे जीवाणू गाळून काढून टाकलेले द्रव. ते कोळंबीच्या शरीरात घातल्यावरही यकृत-स्वादुपिंडाची तशीच नासाडी झाली. याचा अर्थ उघड होता. हा जीवाणू एक विष तयार करतो आणि मारतो ते विष. पुढे या विषाचा उगम एका प्लाझ्मिडमध्ये सापडला. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर असलेले डीएनएचे लहानसे कडे. सुमारे सत्तर हजार बेस-जोड्यांच्या या कड्यावर विषाची दोन जनुके असतात. अशाच प्रकारच्या विषांनी काही जीवाणू कीटकांना मारतात. कोळंबी आणि कीटक दोघेही संधिपाद प्राणी आहेत, हे तुम्ही प्राणिशास्त्रात शिकलाच आहात.

प्लाझ्मिडची एक खोड अशी की, ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. हे विषारी कडे पुढे व्हिब्रिओच्या इतर जातींमध्येही आढळले. म्हणजे एका जातीला वेचून मारले, तरी काम संपत नाही.

औषध का चालत नाही?

'प्रतिजैविके द्यावीत' असे कोणी सुचवील. पण यात तीन अडचणी आहेत. पहिली अशी की, आजारी कोळंबी खाणे सोडते, त्यामुळे खाद्यातून दिलेले औषध नेमके तिच्याच पोटात जात नाही. दुसरी अशी की, औषध पाण्यात उतरते आणि त्याला न जुमानणारे जीवाणू तेवढे शिल्लक राहून वाढतात. तिसरी अशी की, औषधाचे अंश कोळंबीच्या मांसात राहतात. म्हणूनच भारतात कोळंबी संवर्धनात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांना बंदी आहे. निर्यातीच्या मालात त्यांचा अंश सापडला, तर तो माल परदेशात नाकारला जातो.

मग लस? तीही येथे उपयोगी पडत नाही. आपले शरीर एखाद्या जंतूची ओळख लक्षात ठेवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. कोळंबीत प्रतिपिंडे तयार करणारी यंत्रणाच नसते. तिची प्रतिकारशक्ती सर्वसाधारण स्वरूपाची असते.

उरला तिसरा उपाय, तो म्हणजे पाणीच निर्जंतुक करणे. शेतकऱ्यांनी तो मनापासून केला. आणि खरी मेख तेथेच होती.

टाकळा आणि देवराई

पावसाळ्याच्या आरंभी एखादी मोकळी, खणलेली जमीन पाहा. पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत तेथे काय उगवते? आंबा नाही, ऐनही नाही. उगवतो टाकळा. तो भराभर वाढतो आणि सारी जागा व्यापून टाकतो. आता दाट देवराईत जा. तेथे टाकळ्याचे बी पडतच नाही असे नव्हे, पण ऊन, पाणी आणि माती यांचा वाटा आधीच इतर झाडांनी उचललेला असतो. आलेल्या बियाला पाय रोवायला जागा मिळत नाही.

सजीवांच्या जगण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. काही सजीव उतावळे असतात. अन्न भरपूर आणि स्पर्धक कमी, अशा ठिकाणी ते झपाट्याने वाढतात. अन्न तुटपुंजे झाले की मागे पडतात. काही सजीव सबुरीचे असतात. ते सावकाश वाढतात, पण थोड्या अन्नावर टिकतात आणि गर्दीत आपली जागा राखतात. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये आपल्या ग्रंथात या तऱ्हांचा विचार मांडला. जीवाणूंनाही तो लागू पडतो.

व्हिब्रिओ हे पक्के उतावळे आहेत. अनुकूल परिस्थितीत व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस दहा मिनिटांच्या आतही दुप्पट होऊ शकतो. आपण हिशेबासाठी अगदी सावकाश म्हणजे वीस मिनिटे धरू. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट झाल्यावर एका जीवाणूचे किती होतील? २ चा २४ वा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. शाळेची एक वेळ संपेपर्यंत एकाचे दीड कोटीहून अधिक!

आता निर्जंतुक केलेल्या तळ्यात काय घडते ते पाहा. क्लोरीनने वाईट जीवाणू मेले, तसे चांगलेही मेले. मेलेल्या जीवाणूंच्या आणि शेवाळाच्या पेशींतील अन्न पाण्यात उतरले. क्लोरीन दोन-चार दिवसांत उडून गेला. मग त्यात बीज सोडले आणि खाद्य टाकले. पाणी आता खणलेल्या मोकळ्या जमिनीसारखे झाले. अन्न भरपूर, स्पर्धक मात्र कोणीच नाही. अशा वेळी बिजाबरोबर, तळाच्या चिखलातून किंवा पक्ष्यांच्या पायांवरून थोडेसे व्हिब्रिओ आले की पुरे. सारे मैदान त्यांचेच होते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या पीटर डे श्रायव्हर, टॉम डेफॉर्ट आणि पॅट्रिक सॉर्गेलूस या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हाच मुद्दा मांडला. तळी निर्जंतुक करण्याची रीतच या रोगाला वाट मोकळी करून देत असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

याच्याही आधी, १९९० च्या दशकात, नॉर्वेतील ऑलाव वाड्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरी माशांच्या पिलांसाठी 'पाणी पिकवण्याची' कल्पना पुढे आणली होती. गाळलेले पाणी लगेच न वापरता ते काही काळ सबुरीच्या जीवाणूंच्या ताब्यात द्यावयाचे आणि मग पिलांना पुरवावयाचे, अशी ती कल्पना.

नेग्रोसचे हिरवे पाणी

शेतकऱ्यांच्या अनुभवातूनही हेच निघाले. १९९० च्या दशकात फिलिपाइन्समध्ये टायगर कोळंबीच्या तळ्यांत 'व्हिब्रिओ हार्वेयी' या प्रकाशणाऱ्या जीवाणूने धुमाकूळ घातला. या जीवाणूचे एक वैशिष्ट्य आहे. तो एकटादुकटा असताना प्रकाश देत नाही. प्रत्येक जीवाणू पाण्यात काही रासायनिक संदेश सोडत असतो. संख्या वाढून संदेशांची दाटी झाली, की साऱ्यांना 'आपण आता पुष्कळ झालो' हे कळते आणि मगच ते एकदम प्रकाशू लागतात. त्यांच्या काही घातक खोड्याही अशाच दाटीवर अवलंबून असतात. तेव्हा व्हिब्रिओ मुळीच नसणे महत्त्वाचे नाही. त्यांची दाटी होऊ न देणे महत्त्वाचे आहे.

नेग्रोस बेटावरील शेतकऱ्यांनी तिलापिया मासे वाढवलेल्या तळ्याचे हिरवे पाणी कोळंबीच्या तळ्यात वापरायला सुरुवात केली. त्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ आणि नाना प्रकारचे जीवाणू नांदत होते. अशा तळ्यांत प्रकाशणाऱ्या व्हिब्रिओंची संख्या कमी राहते, असे दिसून आले. पुढे तेथील संशोधकांनीही या पाण्याचा अभ्यास केला.

साखर घालून पाणी स्वच्छ?

'नांदत्या पाण्याचा' सर्वांत योजनाबद्ध प्रकार म्हणजे बायोफ्लॉक. 'फ्लॉक' म्हणजे पुंजका. इस्राएलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेचे योराम अवनिमेलेक यांनी त्याचे गणित मांडले. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना येथील संशोधकांनी कोळंबीवर असेच काम केले.

मूळ प्रश्न होता घाणीचा. समजा, तळ्यात १ किलोग्रॅम खाद्य टाकले आणि त्यात ३५ टक्के प्रथिन आहे. म्हणजे प्रथिन झाले ३५० ग्रॅम. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ५६ ग्रॅम. यातील साधारण एक चतुर्थांश, १४ ग्रॅम, कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेला ४२ ग्रॅम पाण्यात जातो, मुख्यतः अमोनियाच्या रूपाने. अमोनिया कोळंबीला विषारी आहे. पूर्वी यावर एकच उपाय होता, तो म्हणजे जुने पाणी सोडून नवे घेणे. पण नव्या पाण्याबरोबर शेजारच्या तळ्याचा रोगही आत येतो आणि सोडलेल्या पाण्याबरोबर आपला रोग बाहेर जातो.

अवनिमेलेक यांनी वेगळा विचार केला. अमोनियातील नायट्रोजन वापरून जीवाणू आपल्या पेशींचे प्रथिन बनवू शकतात. पण त्यासाठी त्यांना कार्बनही हवा. खाद्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन कमी पडतो. मग तो वरून द्यावा! किती, ते आपणच काढू:

१ ग्रॅम नायट्रोजन पेशीत बांधण्यासाठी जीवाणूला सुमारे ४ ग्रॅम कार्बन लागतो. पण घेतलेल्या कार्बनपैकी ४० टक्केच पेशी बांधण्याच्या कामी येतो. उरलेला श्वसनात जळतो. म्हणून घ्यावा लागणारा कार्बन = ४ ÷ ०.४ = १० ग्रॅम. साखर किंवा पिष्ट यांत स्थूलमानाने निम्मा कार्बन धरला, तर लागणारी साखर = १० ÷ ०.५ = २० ग्रॅम.

म्हणजे १ ग्रॅम नायट्रोजनला २० ग्रॅम साखर, आणि आपल्या ४२ ग्रॅमला ८४० ग्रॅम! ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात खाद्यातूनही काही कार्बन मिळतो आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे दुसरे जीवाणूही आपला वाटा उचलतात. त्यामुळे यापेक्षा कमी पुरते. यासाठी महाग साखर लागत नाही. साखर कारखान्यातील मळी, तांदळाचा कोंडा, टॅपिओकाचे पीठ असे स्वस्त पदार्थ चालतात.

मळी मिळताच जीवाणू वाढतात, चिकट पदार्थ सोडतात आणि एकमेकांना चिकटून पुंजके बनवतात. त्यांत शेवाळ, आदिजीव, सूक्ष्म कृमी आणि अन्नाचे कण अडकतात. एकेक पुंजका म्हणजे एक तरंगते गावच. या गावाचे तीन उपयोग होतात. पहिला, अमोनिया काबूत राहतो. दुसरा, घाणीचे पुन्हा प्रथिन होते आणि कोळंबी ते पुंजके कुरतडून खाते. तिसरा उपयोग आपल्या विषयाचा आहे. पाण्यातील जागा आणि अन्न आधीच वाटले गेल्यामुळे नव्याने आलेल्या व्हिब्रिओला मोकळे मैदान मिळत नाही. शिवाय पुंजक्यातील जीवाणूंच्या पेशीभित्तिका पोटात गेल्याने कोळंबीची सर्वसाधारण प्रतिकारशक्तीही जागी राहते. प्रयोगशाळेत कोळंबीला मुद्दाम घातक व्हिब्रिओचा संसर्ग घडवला असता, स्वच्छ पाण्यातल्यापेक्षा बायोफ्लॉकमध्ये जास्त कोळंबी जगल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

हा रामबाण उपाय नव्हे

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वरच्या हिशेबात प्रत्येक १० ग्रॅम कार्बनपैकी ६ ग्रॅम श्वसनात जळतो. १२ ग्रॅम कार्बन जळण्यास ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणून ६ ग्रॅमला १६ ग्रॅम. आपल्या ४२ ग्रॅम नायट्रोजनसाठी लागेल ६७२ ग्रॅम ऑक्सिजन. ३० अंश सेल्सिअसला समुद्राच्या एका लिटर पाण्यात जेमतेम ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे एक किलो खाद्याच्या या हिशेबापायी एक लाख लिटरांहून अधिक पाण्यातील सारा ऑक्सिजन संपेल! म्हणून बायोफ्लॉकच्या तळ्यात पाणी घुसळणारे एरेटर रात्रंदिवस चालवावे लागतात. दाट वस्तीच्या टाकीत वीज गेली आणि जनित्र नसेल, तर तासाभराच्या आत कोळंबी संकटात येते. पुंजके प्रमाणाबाहेर वाढले, तर कल्ले बुजतात. म्हणून रोज एक लिटर पाणी निमुळत्या शंकूपात्रात वीसेक मिनिटे ठेवून तळाशी किती साका बसतो ते मोजतात. कोळंबीसाठी तो साधारण १० ते १५ मिलिलिटर ठेवतात. पाण्याची अल्कता घटते, ती चुना देऊन राखावी लागते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पुंजक्यात व्हिब्रिओही राहू शकतात. एकदम भरमसाट मळी ओतली, तर उतावळ्यांचीच चंगळ होते. म्हणून मळी थोडी थोडी द्यावयाची, बीज सोडण्याच्या काही आठवडे आधीच पाणी तयार करावयास घ्यावयाचे आणि शक्य तर निरोगी टाकीतील जुने पाणी विरजणासारखे घालावयाचे. तपासलेले निरोगी बीज तर हवेच. पाण्यातून येणारे विषाणू व त्यांचे वाहक मारण्यासाठी सुरुवातीचे निर्जंतुकीकरणही पुष्कळदा आवश्यक असते. चूक निर्जंतुक करण्यात नाही. निर्जंतुक करून पाणी तसेच रिकामे ठेवण्यात आहे.

पाणी तयार झाले की नाही हे शेतकरी कसे ओळखतो? टीसीबीएस नावाच्या पोषकद्रव्यावर पाण्याचे थेंब पसरून ते ऊबदार ठेवतात. या द्रव्यावर मुख्यतः व्हिब्रिओच वाढतात. उसाची साखर आंबवणाऱ्यांच्या वसाहती पिवळ्या दिसतात, न आंबवणाऱ्यांच्या हिरव्या. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकसची वसाहत हिरवी असते. मात्र हिरवी वसाहत म्हणजे घातकच असे नाही. विषाचे प्लाझ्मिड आहे की नाही, हे डीएनएची चाचणी करूनच कळते.

आपल्याकडे

भारतात 'व्हॅनामी' या पांढऱ्या पायांच्या कोळंबीच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली. आज आंध्र प्रदेश यात आघाडीवर आहे. महाराष्ट्रातही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी अशी तळी आहेत. मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्था या दोन ठिकाणी या विषयाचे शिक्षण व संशोधन चालते. तुमच्या गावाजवळ तळी असतील, तर शिक्षकांबरोबर जाऊन पाण्याचा रंग, एरेटर आणि खाद्य देण्याची पद्धत जरूर पाहा. तळ्यात उतरू नका आणि एका तळ्याचे पाणी दुसऱ्यात नेऊ नका.

घरी करून पाहा

दोन स्वच्छ पेल्यांत उकळून कोमट केलेले दूध घ्या. एका पेल्यात चमचाभर ताजे दही घालून ढवळा. दुसरा तसाच ठेवा. दोन्ही पेले तासभर उघडे ठेवून मग फडक्याने झाका. चोवीस ते छत्तीस तासांनी दोन्हींचा वास आणि रूप यांची नोंद करा. दुसऱ्या पेल्यातील दूध चाखू नका. उकळलेले दूध म्हणजे निर्जंतुक केलेले तळे. ज्यात विरजण लावले, त्यात कोण नांदावे हे तुम्ही ठरवले. ज्यात लावले नाही, त्यात ते योगायोगाने ठरले. फरक एवढाच की, दह्याचे जीवाणू मुख्यतः आम्लाच्या जोरावर इतरांना रोखतात. तळ्यातले सबुरीचे जीवाणू मुख्यतः अन्न आणि जागा आधीच व्यापून रोखतात.

हजारो वर्षे आपल्या घरोघरी दुधाला विरजण लागत आले आहे. पाण्यालाही विरजण लावता येते, हे कोळंबीच्या शेतकऱ्याला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. रोगजंतूला दूर ठेवण्याचा एक मार्ग त्याला मारणे हा आहे. त्याची जागा आधीच भरून ठेवणे हा दुसरा.

विचार करा

१. ग्लुकोजमध्ये (सूत्रावरून) कार्बन ४० टक्के असतो हे पडताळून पाहा. साखरेऐवजी ग्लुकोज वापरले, तर १ ग्रॅम नायट्रोजनसाठी किती ग्रॅम लागेल? (उत्तर : २५ ग्रॅम)

२. खाद्यातील प्रथिन ३५ ऐवजी २५ टक्के असेल, तर १ किलो खाद्यामागे किती नायट्रोजन पाण्यात जाईल? (उत्तर : ३० ग्रॅम)

३. व्हिब्रिओ दर दहा मिनिटांनी दुप्पट होत असेल, तर एकाचे दहा लाखांहून अधिक होण्यास साधारण किती वेळ लागेल? (उत्तर : सुमारे ३ तास २० मिनिटे)

४. बायोफ्लॉकच्या तळ्यातील पाणी वारंवार बदलणे का टाळतात? दोन कारणे लिहा.

५. शेतात रासायनिक फवारणीनंतर एखादी कीड पूर्वीपेक्षा जास्त वाढते, असे कधी कधी होते. निर्जंतुक तळ्याशी या घटनेचे साम्य कोणते आणि फरक कोणता?